डॉगवुडच्या बुंध्यावरची तीच जखम दर वर्षी का उघडते?

तक्रार साधारण अशी असते. डॉगवुड या बागेतल्या फुलझाडाच्या बुंध्याला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, साल सोलवटलेली दिसते. पहिल्या वर्षी अंगठ्याएवढी, पुढच्या वर्षी तळहाताएवढी. मध्ये कधीतरी कडेने गुबगुबीत नवी साल चढताना दिसते आणि आपण म्हणतो, चला, भरत आली. उन्हाळा सरता सरता तिथेच ओल, तिथेच लालसर भुसा, आणि नेमकी त्याच बाजूची वरची फांदी बाकीच्या झाडाच्या महिनाभर आधी लाल व्हायला लागते. शरदातला डॉगवुडचा लाल रंग देखणा असतो हे खरं. पण एकाच फांदीला वेळेआधी लाली आली, तर तिची खालची वाट कुठेतरी अडली आहे असं समजावं.

माझ्या झाडाचं हे तीन वर्षं चाललं होतं. दर वर्षी मी जखम खरवडायचो आणि वर काळा डांबरी लेप थापायचो. तिसऱ्या वर्षी लेपाला चीर पडलेली दिसली, म्हणून सुरीचं टोक घालून पोपडा उचलला. खाली चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी, ओला भुसा होता. तो बोटाने बाजूला केला, तर मलईच्या रंगाची, तपकिरी डोक्याची, सेंटिमीटरभर लांबीची अळी झोपमोड झाल्यासारखी वळवळली. म्हणजे तीन वर्षं मी तिच्या घराला छप्पर घालून देत होतो.

आधी ही जखमच आहे ना, ते बघा

डॉगवुड हे एकच झाड नव्हे. बागेत मुख्यतः दोन लावली जातात: पूर्व उत्तर अमेरिकेतलं कॉर्नस फ्लोरिडा आणि पूर्व आशियातलं कॉर्नस कौसा. कौसाची साल वय झालं की आपोआप पातळ पापुद्र्यांनी सुटते आणि खोडावर राखाडी, तपकिरी, बदामी असे चट्टे उमटतात. तो त्याचा स्वभाव आहे, उपाय करायची गरज नाही. फ्लोरिडाची साल जुनी झाली की मगरीच्या पाठीसारखी चौकोनी खवल्यांची होते, तेही ठीकच. पापुद्रा सुटल्यावर खाली कोवळी, घट्ट साल दिसली तर झाड ठणठणीत. खाली थेट लाकूड दिसलं, किंवा बोटाने दाबल्यावर साल पोकळ वाजली, तर मात्र पुढे वाचा.

शंका असेल तिथे नखाने अगदी हलकं खरवडून बघा. हिरवट-पांढरं आणि ओलसर लागलं तर ती जागा जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं, किंवा तपकिरी आणि चिकट लागलं तर गेलेली. जखमेभोवती हीच चाचणी दोन-दोन बोटांच्या अंतराने करत गेलात की मेलेल्या भागाची खरी हद्द कळते. ती डोळ्यांना दिसते त्यापेक्षा बहुतेक वेळा मोठी निघते.

कुणी केली?

घाव पाहून घालणारा ओळखता येतो. जमिनीपासून पंधरा-वीस सेंटिमीटरच्या आत, बुंध्याला वेढा घालत गेलेले बारीक आडवे ओरखडे म्हणजे फिरत्या दोरीने कडेचं गवत छाटणारा ट्रिमर. एकाच बाजूला, चाकाच्या उंचीवर, ठोकर लागल्यासारखी सोललेली साल म्हणजे गवत कापायचं यंत्र. पोटरीच्या किंवा गुडघ्याच्या वर उभ्या चिंध्या निघाल्या असतील आणि हे शरदात घडलं असेल, तर नर हरणाने शिंगं घासली आहेत. बर्फ वितळल्यावर अगदी जमिनीलगत बारीक, वेडेवाकडे दातांचे ठसे दिसले तर शेतातले छोटे उंदीर, आणि थोड्या वर, सुरीने तिरके कापल्यासारखे स्वच्छ ठसे असले तर ससे. एका ओळीत मोजून पाडल्यासारखी लहान भोकं म्हणजे रस पिणारा सुतारपक्षी. तो सहसा झाडाला मारत नाही, त्याच्यामागे धावू नका.

नैर्ऋत्येच्या बाजूला, हिवाळा संपताना, वरून खाली लांबट खोलगट चट्टा पडला आणि काही महिन्यांनी तिथली साल फुटली, तर ते हिवाळी उन्हाचं काम. उत्तर गोलार्धात दुपारचं तिरकं ऊन त्या बाजूला बसतं, सालीखालच्या पेशी जाग्या होतात आणि सूर्य कलताच एकदम गोठतात. डॉगवुड मुळात उंच झाडांच्या सावलीत वाढणारं, पातळ सालीचं झाड. त्याला उघड्या हिरवळीच्या मधोमध नेऊन लावलं की पहिली काही वर्षं ते अशा उन्हाला बळी पडतं.

यातलं पहिलं कारण, म्हणजे ट्रिमर, सगळ्यांत जास्त वेळा सापडतं आणि सगळ्यांत कमी वेळा कबूल केलं जातं. मीही आधी सशावर आळ घेतला होता.

जखम भरत का नाही

झाड आपल्यासारखं जखम भरून काढत नाही. आपली कातडी नव्या पेशींनी तीच जागा पुन्हा बांधते. झाड खराब झालेला भाग आहे तिथेच सोडतं, त्याला कोंडून घेतं आणि त्याच्यावरून नवं लाकूड चढवतं. अमेरिकेच्या वनखात्यातले संशोधक अलेक्स शिगो यांनी १९७७ मध्ये ही गोष्ट चार भिंतींच्या रूपात मांडली. पहिली भिंत कूज वर-खाली पसरू देत नाही, दुसरी आत गाभ्याकडे आणि तिसरी आजूबाजूला. पहिली सगळ्यांत कच्ची असते, म्हणून कूज उभ्या दिशेने लांबच लांब जाते. चौथी भिंत सगळ्यांत पक्की. ती घाव झाला त्या वेळचं लाकूड आणि त्यानंतर वाढलेलं लाकूड यांच्यामध्ये उभी राहते.

आता ट्रिमरची दोरी काय करते पाहा. घाव झाला, झाडाने चौथी भिंत उभी केली, तिच्या बाहेरून नवी कोवळी साल आणि नवं लाकूड चढायला लागलं. पुढच्या मोसमात दोरी नेमकी त्याच कोवळ्या काठावर बसते. काठ फुटतो आणि आत कोंडलेल्या कुजेला बाहेरच्या नव्या लाकडाकडे दार मिळतं. एखादा घाव झाड बहुधा पचवतं. तोच छोटा घाव पाच वेळा बसला की पचत नाही. म्हणून औषध बाजूला ठेवा आणि ‘पुन्हा कोण घाव घालतंय?’ एवढं आधी शोधून काढा.

आजच साल सोलली असेल तर

घाव ताजा असेल, सालीची ढलपी लटकत असेल आणि तिची आतली बाजू अजून ओली असेल, तर ती फेकू नका. ढलपी आणि लाकूड दोन्ही ओले असताना ती पुन्हा जागेवर बसवून बघता येते. आधी दोन्हीकडची माती झटका, पुसून कोरडं करू नका. ढलपी होती तशी दाबून बसवा, वरून पट्टीने किंवा दोन-चार बारीक खिळ्यांनी घट्ट धरून ठेवा. तिच्यावर ओलं स्फॅग्नम शेवाळ ठेवून पांढरं प्लॅस्टिक गुंडाळा. पांढरंच का, तर पारदर्शक किंवा काळ्याखाली ऊन तापून साल शिजते. दोनेक आठवड्यांनी उघडून बघा. चिकटली असेल तर झाकण काढून टाका, फक्त थोडे दिवस तिथे थेट ऊन लागू देऊ नका. सुकून वाकली असेल तर ढलपी काढा आणि जुन्या जखमेसारखं वागा. हे दर वेळी जमतं असं नाही, पण पहिल्या तासाभरात केलं तर जमण्याची शक्यता बरी असते. संध्याकाळपर्यंत ढलपी वाळून गेलेली असते.

जुनी जखम

धारदार सुरी घ्या, पातं सत्तर टक्के अल्कोहोलने पुसा. जी साल सुटलेली आहे, बोटाने हलते, फक्त तीच कापून काढा, जिवंत सालीच्या काठापर्यंत. कडा गुळगुळीत ठेवा, म्हणजे खाचांत पाणी साचत नाही. जखमेला वर-खाली टोकं देऊन होडीसारखा आकार द्यायचा, असा एक जुना सल्ला फिरतो. तो आकार मिळवायला लोक चांगली, जिवंत साल कापून टाकतात. तसं करू नका. आकार ओबडधोबड राहिला तरी चालेल, जिवंत सालीचा एक मिलिमीटरही उगाच घालवू नका. आतलं लाकूड कोरायचंही नाही. मऊ, कुजलेलं लाकूड खरवडण्याच्या नादात झाडाने बांधलेली भिंत आपल्याच हाताने फुटते.

आणि मग त्यावर काही लावू नका. ‘बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) तरी?’ हा प्रश्न हमखास येतो. डांबर, रंग, मेण, लेप यांनी कूज थांबते असा अनुभव नाही. जाड लेपाखाली ओल कोंडते, लेपाला तडा गेला की पाणी आत जातं पण बाहेर येत नाही, आणि नव्या सालीचा काठ पुढे सरकायला अडथळा होतो. उघडी जखम वाईट दिसते, हे मान्य. ते आपल्या डोळ्यांना सोसावं लागतं, झाडाला काही त्रास नसतो.

यानंतर सुतळी घेऊन बुंध्याचा घेर मोजा आणि त्यातला किती भाग सालीविना आहे ते बघा. चौथाईपेक्षा कमी असेल तर झाड बहुधा सहज निभावतं. चौथाई ते निम्मा असेल तर वरच्या फांद्यांना झळ बसेल, पण पाणी सांभाळलंत तर टिकेल. निम्म्याच्या पुढे गेलं की मनाची तयारी ठेवावी. साल पूर्ण वेढ्याने गेली असेल तर पानं त्या मोसमात हिरवी राहून फसवतात, कारण पाणी लाकडातून वर जातच असतं. पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली मुळांकडे जायचं थांबतं. साठवलेलं संपलं की मुळं उपाशी मरतात आणि झाड बहुधा वर्ष-दोन वर्षांत जातं. अशा झाडाला वाचवायचा एक मार्ग म्हणजे पूल-कलम: हिवाळ्यात कापून थंड जागी ठेवलेल्या कोवळ्या काड्या वसंताच्या सुरुवातीला जखमेच्या वर आणि खाली सालीखाली खोचून अन्नाला पर्यायी वाट करून देणं. हातखंडा असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावं.

अळी

भुसा दिसतोय का, हा पुढचा प्रश्न. पूर्व उत्तर अमेरिकेत डॉगवुडचा बोरर म्हणून ओळखला जाणारा एक पतंग असतो, सिनॅन्थेडॉन सिटुला. पारदर्शक पंखांचा, निळसर काळा, पोटावर पिवळे पट्टे. लांबून बघाल तर गांधीलमाशी वाटेल. तो उन्हाळाभर उडतो आणि मादी जखमांच्या कडेला, सालीच्या भेगांत एक-एक अंडं घालते. अंड्यातून निघालेल्या अळीला धडधाकट साल फोडून आत जाता येत नाही, तिला फट लागते. ती फट आपण करून देतो. आत गेल्यावर ती लाकडात खोल शिरत नाही, सालीखालच्या मऊ थरातच गोलगोल खात राहते आणि हिवाळाही तिथेच काढते. पुढच्या उन्हाळ्यात पतंग बाहेर पडताना कोषाची तपकिरी, पोकळ टरफलं सालीतून अर्धी बाहेर लटकत ठेवून जातो. एक टरफल माझ्या हाताला लागलं ते तांदळाच्या कोंड्याइतकं हलकं होतं, फुंकर मारली की उडालं असतं. ते दिसलं की समजा, भाडेकरू निघून गेला, पण शेजारी दुसरा आहे.

एखाद-दुसरी अळी असेल तर भुसा बाजूला करून बोगद्यात लवचिक तार सरकवायची. वेळखाऊ काम आहे, पण लहान झाडाला पुरतं. अळ्या जास्त असतील तर स्टेनरनेमा जातीचे सूक्ष्म कृमी पाण्यात मिसळून बोगद्यांत सोडतात. ते ओलीत जगतात, म्हणून ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी. रासायनिक फवारणी करायचीच तर ती अळी आत शिरण्याआधी सालीवर बसायला हवी. अळी आत गेल्यावर बाहेरून मारलेला फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. नेमकी वेळ साधायला पतंगांचे गंधसापळे लावतात, फवारणी फक्त बुंध्यावर करतात आणि लेबलवरचा शब्द न् शब्द पाळतात. मुळांशी इमिडाक्लोप्रिड ओतण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. या पतंगाच्या अळीवर ते काम करत नाही आणि फुलांवर येणाऱ्या मधमाश्यांना मात्र अपाय होतो. कौसाला या अळीचा त्रास खूपच कमी होतो. नवं झाड लावायचं असेल तर हे लक्षात घेण्यासारखं आहे.

भुसा नाही, पण बुंध्याच्या तळाशी काळपट, ओला डाग, त्यातून पाझरणारा रस आणि आत धसलेली साल असं असेल तर प्रकरण वेगळं. ती फायटॉप्थोरा कॅक्टोरम या बुरशीसारख्या जीवाने केलेली मानेची कूज असते. पाणी तुंबणारी जमीन आणि बुंध्यावर चढवलेला आच्छादनाचा ढीग तिला फार मानवतो. इथे मात्र नियम बदलतो. तपकिरी झालेला सगळा भाग थोड्या निरोगी कडेसकट काढावा लागतो, बुंध्याच्या मानेवरची माती हटवून ती जागा उघडी, कोरडी ठेवावी लागते. निम्म्याहून जास्त वेढा गेला असेल तर झाड काढणंच बरं, आणि त्या जागी लगेच दुसरं डॉगवुड लावू नये.

बुंध्यावर फुटलेल्या कोवळ्या धुमाऱ्यांच्या मुळाशी खोलगट चट्टे असतील आणि पानांवर जांभळ्या कडेचे डाग असतील, तर ॲन्थ्रॅक्नोज या बुरशीच्या रोगाचा संशय घ्या. ते धुमारे कोरड्या हवेत काढून टाका. पाणी पानांवर उडवायचं बंद करा.

पुन्हा होऊ नये म्हणून

खरं काम इथे आहे, आणि ते कंटाळवाणं आहे. बुंध्याभोवती निदान मीटरभर त्रिज्येचं वर्तुळ गवतमुक्त करा. गवत नसलं की ट्रिमर तिथे जायचं कारणच उरत नाही. डॉगवुडची मुळं उथळ असतात, म्हणून कुदळ चालवू नका. गवत हातांनी किंवा खुरप्याने वरवर काढा, किंवा त्यावर कार्डबोर्ड अंथरून वर आच्छादन टाका. लाकडाचे तुकडे किंवा पालापाचोळा पाच ते आठ सेंटिमीटर जाडीचा, त्याहून जास्त नको. आणि बुंध्यापासून वीतभर लांब. बुंध्याला टेकवून रचलेला आच्छादनाचा डोंगर जिकडेतिकडे दिसतो. त्याखाली साल सतत ओली राहते, उंदरांना आडोसा मिळतो, वरून अळीची भोकं दिसत नाहीत. बुंधा जमिनीत शिरतो तिथला फुगीर भाग उघडा दिसला पाहिजे.

वर्तुळातलं तण मारायला तणनाशक वापरत असाल तर कोवळ्या, हिरवट सालीवर त्याचा थेंबही पडू देऊ नका.

हिवाळी उन्हासाठी कोवळ्या झाडाच्या खोडाला शरदाच्या शेवटी फिकट रंगाची कागदी पट्टी गुंडाळा, आणि वसंत लागला की न विसरता सोडा. विसरलात तर तिच्याखाली ओल आणि किडे. उंदीर-सशांसाठी बारीक जाळीचं नळकांडं खोडाला न टेकता उभं करा. ते दोन-तीन बोटं जमिनीत गेलेलं हवं आणि जिथे बर्फ साचतं तिथे बर्फाच्या वर आलेलं हवं. हरणं असतील तर जास्त उंच. आधाराच्या खुंटाची दोरी वर्षभरात काढा. बांधलेली राहिली तर खोड जाड होताना ती सालीत रुतते, आणि मग हा सगळा लेख पुन्हा पहिल्यापासून वाचावा लागतो.

छाटणी सुप्तावस्थेत, हिवाळ्याच्या मधल्या काळात करा. वसंताच्या तोंडाशी केली तर डॉगवुडमधून रस गळतो. तो सहसा घातक नसतो, पण बघवत नाही. उन्हाळ्यात केलीत तर ताजे काप बोररच्या उडण्याच्या काळात उघडे पडतात. काप फांदीच्या मुळाशी असलेल्या सुरकुतलेल्या गळपट्टीच्या लगेच बाहेर द्या. खोडाला चाटून दिला तर घाव खोडाला होतो.

पाणी हे यातलं सगळ्यांत दुर्लक्षित औषध. पाऊस नसेल तेव्हा आठवड्याला साधारण अडीच सेंटिमीटर पाणी, हळूहळू, मुरेल असं, सगळ्या वर्तुळात. तहानलेल्या झाडाला नवं लाकूड चढवायला बळ उरत नाही. खताची मात्र घाई नको. नत्र जास्त झालं की पानं आणि फुटवे फुगतात, त्याने जखमेला काहीच मिळत नाही.

लाल किंवा पिवळ्या काड्यांची झुडपी डॉगवुड तुमच्याकडे असतील तर यातलं जवळपास काहीच करू नका. जखमी काडी हिवाळा संपताना जमिनीलगत कापा, झुडूप नव्या काड्या काढेल, त्यांचा रंगही जास्त उजळ येईल.

माझ्या झाडाचं सांगायचं तर, लेप काढल्यावर जखम अकरा सेंटिमीटर रुंद निघाली होती. तारेने पाच अळ्या काढल्या. गवताचं वर्तुळ केलं आणि घराच्या भिंतीवर पेन्सिलने रुंदी लिहायला लागलो, दर वसंतात एकदा. यंदाचा आकडा साडेसहा आहे. काठ दोन्हीकडून ओठांसारखे फुगून आत वळलेत, मधलं लाकूड राखाडी पडलंय, आणि दोन उन्हाळे भुसा दिसलेला नाही. वरची ती फांदी गेली, तिला वाचवता आलं नाही. बाकीच्या झाडाला यंदा नेहमीसारखी फुलं आली.